पिकअपच्या पोटाखालची ढाल : चेंबर गार्ड घरच्या घरी कसा बसवावा



या पानांवरून आपण बेणे, खते, ठिबक आणि खोडवा यांविषयी नेहमी बोलतो. या वेळचा विषय थोडा वेगळा वाटेल, पण तो उसाच्या फडापासून लांबचा नाही. गंगापूर, वैजापूर, पैठण या भागांत आता अनेक वस्त्यांवर पिकअप गाडी उभी दिसते. पहाटे दूध घालायचे, दिवसा खताच्या गोण्या आणायच्या, लागणीच्या वेळी बेणे वाहायचे, भाजीपाला निघाला की जाधववाडीच्या बाजार समितीत न्यायचा. ही सगळी कामे एकच गाडी करते. ज्या घरी ती आहे, तिथे ती बंद पडली की घराचे निम्मे काम बंद पडते.

पूर्वी ऊस वाहणाऱ्या बैलाला डांबरी रस्त्यावर उतरविण्याआधी आपण नाल ठोकून घेत असू. बिननालीचा बैल कितीही ताकदवान असला तरी खूर झिजला की तो बसला. पिकअपचेही तसेच आहे. तिची ताकद इंजिनात, आणि इंजिनाचा जीव त्याच्या पोटाखालच्या ऑइल चेंबरमध्ये. खंडेनवमीला आपण गाडीला हार घालतो, नारळ फोडतो, पण गाडीखाली वाकून कोणी पाहत नाही. ते का पाहावे आणि पाहिल्यावर काय करावे, ते या लेखात क्रमाने सांगतो.

चेंबर फुटले म्हणजे काय होते

इंजिनाच्या तळाला परातीसारखा एक भाग असतो. त्यालाच आपले मिस्त्री ‘चेंबर’ म्हणतात. इंजिनाचे सगळे ऑइल तिथे साठते. पिकअपच्या डिझेल इंजिनात ते साधारण पाच ते आठ लिटर असते. चेंबरच्या तळाजवळ जाळी लावलेली एक नळी असते. ऑइल पंप त्या नळीने ऑइल ओढतो आणि बेअरिंगपर्यंत पोहोचवतो.

दगड लागला की दोनपैकी एक गोष्ट होते. चेंबर ॲल्युमिनियमचे असेल तर त्याला तडा जातो किंवा ड्रेन नटाजवळचा तुकडा उडतो, आणि ऑइल जमिनीवर सांडते. हे निदान दिसते तरी. चेंबर पत्र्याचे असेल तर ते फुटत नाही, आत दबते. वरून पाहणारा म्हणतो, “काही झालं नाही, नुसता पोचा आला.” पण तो पोचा जाळीपर्यंत गेला असेल, तर नळीचे तोंड बंद होते. ऑइल एक थेंबही गळत नाही आणि इंजिन तहानलेले राहते. म्हणून चेंबरला आलेला पोचा कधी हलका समजू नये. मिस्त्रीकडून चेंबर उतरवून जाळी पाहून घ्यावी.

डॅशबोर्डवर ऑइलच्या बुधलीचा लाल दिवा लागला, की “वस्ती जवळच आहे, तेवढं नेतो,” असे म्हणू नये. गाडी जिथे असेल तिथे चावी बंद करावी आणि ट्रॅक्टरने ओढून आणावी. ऑइलाविना इंजिन थोडा वेळ जरी चालले, तरी बेअरिंग घासतात, क्रँक खराब होतो, आणि जे काम एका चेंबरवर भागले असते ते अर्ध्या इंजिनावर जाते.

आपल्या शिवारातच हा धोका जास्त का

कारण आपले रस्ते ट्रॅक्टरने पाडलेले आहेत. गाळप हंगामात दोन-दोन ट्रॉल्या भरून ट्रॅक्टर फडातून बाहेर पडतात. ओल्या काळ्या जमिनीत त्यांची चाके खोल चाकोऱ्या पाडतात आणि दोन चाकोऱ्यांच्या मध्ये उंच वरंबा राहतो. जमीन वाळली की हाच वरंबा दगडासारखा कडक होतो. त्यात मुरुमाबरोबर आलेला एखादा धोंडा दडलेला असतो. ट्रॅक्टरचे पोट उंच, त्यामुळे तो त्यावरून बिनधास्त जातो. पिकअपचे पोट त्या मानाने बरेच खाली. ट्रॅक्टरच्या चाकोरीत पिकअप घातली, की गाडीचे पोट नेमके वरंब्यावर टेकते.

दुसरे कारण चाऱ्यांचे. जायकवाडीचे धरण १९७६ साली पुरे झाले. त्याचा डावा कालवा २०८ किलोमीटर आणि उजवा १३२ किलोमीटर लांबीचा आहे. गंगापूर-वैजापूरकडे नांदूर-मधमेश्वरचा कालवा आला. कालव्याबरोबर पोटचाऱ्या आल्या, आणि प्रत्येक चारी ओलांडताना रस्त्याला एक उंचवटा आला. भरलेली गाडी अशा उंचवट्यावरून उतरताना ब्रेक लागला की नाक खाली दबते. घाव नेमका तेव्हाच बसतो.

तिसरे कारण खोडव्याचे बुडखे. तोडलेल्या फडात गाडी आडवी घातली, की वाळलेले बुडखे खालून वायरी, नळ्या आणि ब्रेकचे पाइप ओरबाडतात.

गाडीखाली कंपनीने काळ्या प्लॅस्टिकचा पत्रा दिलेला असतो. पुष्कळांना वाटते की तोच गार्ड. तो चिखल आणि पाणी अडविण्यासाठी असतो. दगडापुढे त्याचा टिकाव लागत नाही.

आधी खाली वाकून बघा

गार्ड घेण्याआधी एक दिवस गाडी धुऊन, सपाट जागी उभी करून, बॅटरी घेऊन खाली नीट पाहावे. घासल्याच्या खुणा कुठे आहेत? पुढच्या आडव्या पट्टीवर, म्हणजे क्रॉस मेंबरवर, की चेंबरवर, की गिअर बॉक्सखाली? चेंबर आणि क्रॉस मेंबर यांत जास्त खाली कोण आहे? चेंबर खाली असेल तर गार्ड हवाच. चेंबर बरेच वर असेल आणि एकही खूण नसेल, तर उगाच वजन वाढवू नये.

गाडीत नेहमीइतका माल भरून चेंबरपासून जमिनीपर्यंतचे अंतर पट्टीने मोजून लिहून ठेवावे. रिकाम्या गाडीचे माप फसवे असते. आणखी एक ध्यानात ठेवावे की गार्ड बसविल्यावर हे अंतर वाढत नाही, उलट थोडे कमीच होते. गार्ड गाडीला उंच करत नाही. ती टेकलीच तर घाव चेंबरऐवजी स्वतःवर घेतो आणि तो चेसिसकडे पोहोचवतो, एवढेच त्याचे काम.

तयार घ्यावा की बनवून घ्यावा

काही गाड्यांसाठी तयार गार्ड मिळतो. आपल्याच मॉडेलचा आणि त्याच सालाचा मिळाला तर तो घ्यावा, कारण त्याची भोके चेसिसच्या कंपनीने पाडलेल्या भोकांवर जुळतात. मिळाला नाही तर आपल्याकडे कारागिरांची वाण नाही. चिकलठाणा आणि वाळूज या औद्योगिक वसाहतींमुळे पत्रा कापणारे व वाकविणारे वर्कशॉप जवळपास आहेत. फक्त त्यांच्याकडे “एक प्लेट मारून द्या” म्हणून गाडी सोडून येऊ नये. माप आपले घेऊन जावे.

मापासाठी जाड पुठ्ठा घ्यावा. गाडीखाली तो धरून चेसिसची भोके, ड्रेन नट, ऑइल फिल्टर आणि सायलेन्सरची जागा पेन्सिलीने उमटवून घ्यावी. पुठ्ठा चुकला तर पुन्हा कापता येतो, पत्रा येत नाही.

जाडी किती? इथे बहुतेक जण चुकतात. “जेवढं जाड तेवढं चांगलं,” असे म्हणून सहा मिलिमीटरची प्लेट मारतात. हिशेब बघा. लोखंडी पत्र्याचे वजन १ चौरस मीटरला, १ मिलिमीटर जाडीमागे ७.८५ किलो. गार्ड ६० सेंटिमीटर बाय ७५ सेंटिमीटर धरला, तर क्षेत्र ०.४५ चौरस मीटर होते. म्हणजे :

३ मिलिमीटर लोखंड : साधारण १०.६ किलो
४ मिलिमीटर लोखंड : साधारण १४ किलो
६ मिलिमीटर लोखंड : साधारण २१ किलो
५ मिलिमीटर ॲल्युमिनियम : साधारण ६ किलो

सहा मिलिमीटरची प्लेट म्हणजे नाकापेक्षा मोती जड. तेवढे वजन बोल्टांवर बारा महिने लोंबकळते आणि खड्ड्यागणिक आटे ढिले करते. आपल्या कामाला ३ ते ४ मिलिमीटरचे लोखंड पुरते. मात्र ते सपाट ठेवू नये. कडा वर वाकवून घ्याव्यात आणि मधे लांबीच्या दिशेने एक-दोन पन्हळी दाबून घ्याव्यात. आपल्या गोठ्यावरचा पन्हळी पत्रा किती पातळ असतो, तरी माणसाचे वजन पेलतो. ती ताकद पन्हळीची असते.

आकारात दोन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली, गार्डची पुढची कडा वर चढती हवी. ती खाली राहिली तर नांगराच्या फाळासारखी जमिनीत घुसते आणि सगळा झटका चेसिसला बसतो. ढेकळे फोडायची फळी जशी वरून सरकत जाते, तसा गार्ड सरकला पाहिजे. दुसरी, त्याला खिडक्या हव्यात. रेडिएटरमधून आत आलेली हवा इंजिनाला लागून खालूनच बाहेर पडते. खालची बाजू पूर्ण बंद केली तर आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात इंजिन तापेल. म्हणून मागच्या अर्ध्या भागात आडवे खाचे पाडावेत, ड्रेन नटाखाली पाना जाईल एवढे भोक ठेवावे आणि ऑइल फिल्टर खालून निघत असेल तर त्याचीही सोय करावी.

लागणारे सामान

गार्ड, ‘८.८’ असा आकडा डोक्यावर कोरलेले १० मिलिमीटरचे बोल्ट, मोठे वायसर, स्प्रिंग वायसर व नट, हायड्रॉलिक जॅक, दोन लोखंडी घोड्या, लाकडी गुटके, रिंग पाने (१० मिलिमीटरच्या बोल्टला १६ किंवा १७ नंबर), तारेचा ब्रश, रेड ऑक्साइड व काळा रंग, डोळ्यांना चष्मा आणि हाताला मोजे. नायलॉनचे कडे असलेले लॉक नट मिळतात, ते चांगले. फक्त सायलेन्सरजवळ ते वापरू नयेत, कारण साधारण १२० अंशांपुढे नायलॉन नरम पडते. तिथे पूर्ण धातूचे लॉक नट घ्यावेत.

गाडी उचलणे : इथे घाई नको

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. रिकामी पिकअपसुद्धा दीड टनाच्या आसपास किंवा त्याहून जास्त भरते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरसुद्धा, शिरू नये. जॅक हा उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. त्याचे एक सील गळाले की गाडी खाली येते, आणि ती आवाज देऊन येत नाही.

१. गाडी सिमेंटच्या कोब्यावर किंवा पक्क्या फरशीवर घ्यावी. काळ्या मातीवर कधीच नको. वरून कडक दिसणारी काळी जमीन जॅकखाली दबते आणि जॅक कलतो.

२. गाडी रिकामी करावी. सायलेन्सर निदान दोन तास थंड होऊ द्यावा. चावी काढून खिशात ठेवावी, केबिनमध्ये कोणी बसू नये, पोरे-बाळे लांब ठेवावीत.

३. हँडब्रेक ओढावा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी गुटके लावावेत. गोल धोंडा लावू नये, तो घरंगळतो.

४. गाडीच्या पुस्तकात दाखविलेल्या जागी जॅक लावून पुढची बाजू उचलावी आणि चेसिसखाली दोन्हीकडे घोड्या लावाव्यात. मग जॅक हळू सोडून गाडीचे वजन घोड्यांवर बसू द्यावे.

५. खाली शिरण्याआधी गाडी बाहेरून हाताने जोरात हलवून पाहावी. ती डगमगली तर पुन्हा पहिल्यापासून.

विटा रचून गाडी ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे. वीट वरच्या दाबाने अचानक फुटते, म्हणून ती घोडीचे काम करू शकत नाही. चारीच्या दोन काठांवर चाके ठेवून मधे शिरणे हेही तसेच घातक. पाझराने काठ भिजलेला असतो आणि कधी ढासळेल सांगता येत नाही. घोड्या नसतील तर गावातल्या सर्व्हिसिंगवाल्याचा पक्का खड्डा तासाभरासाठी मागून घ्यावा. त्याने मागितलेले पैसे या कामात सर्वांत स्वस्त समजावेत.

बसविण्याचा क्रम

प्रथम चेसिसवरचा चिखल व गंज तारेच्या ब्रशने काढावा. खाली असलेली प्रत्येक नळी, वायर आणि ब्रेकचा पाइप कुठून जातो ते पाहून ठेवावे. यातले काहीही गार्डखाली चिमटले जाता कामा नये.

गार्ड नेहमी चेसिसला किंवा क्रॉस मेंबरला बांधावा. इंजिनाला किंवा गिअर बॉक्सला तो कधीही बांधू नये. इंजिन रबरी मौंटिंगवर बसलेले असते आणि चालताना हलते. गार्ड त्याला जखडला तर कंप वाढतो, बोल्ट तुटतो आणि दगडाचा झटका सरळ इंजिनाला बसतो.

चेसिसला शक्यतो नवे भोक पाडू नये आणि वेल्डिंग तर अजिबात करू नये. चेसिसच्या पट्टीवर सगळ्या गाडीचा भार असतो. ज्या जागी वेल्डिंगची आच लागते, ती जागा कमजोर होऊन पुढे तिथेच चीर पडू शकते. कंपनीची मोकळी भोके असतात, ती वापरावीत. भोके जुळत नसतील तर चेसिसला कवळ्यात धरणारे क्लँप करून घ्यावेत. काही तयार गार्डांना सस्पेन्शनच्या चालू बोल्टांत जागा दिलेली असते. अशा वेळी सगळे बोल्ट एकदम काढू नयेत. एक काढून त्याजागी दिलेला लांब बोल्ट घालावा, आवळावा, मगच दुसऱ्याला हात लावावा.

आता दोघांनी मिळून गार्ड वर धरावा, किंवा जॅकवर फळी ठेवून तो हळूहळू वर न्यावा. सगळे बोल्ट आधी हाताने तीन-चार आटे लावून घ्यावेत. एक बोल्ट पहिल्याच झटक्यात आवळला की उरलेली भोके सरकतात आणि मग हातोडीने ठोकाठोक सुरू होते. सगळे बोल्ट लागल्यावर गार्ड सरळ करावा आणि समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळावेत. चाक बसवताना आपण असेच करतो.

किती आवळावे? १० मिलिमीटरच्या ८.८ बोल्टला साधारण ४५ ते ५० न्यूटन-मीटर पुरेसे होते. टॉर्क पाना नसेल तर फूटभर लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण १५ ते १७ किलोचा जोर, असा अंदाज धरावा. पान्याला पाइप घालून दोघांनी लटकू नये, आटे मरतात. गाडीच्या मूळ बोल्टांना मात्र कंपनीच्या पुस्तकातलाच आकडा पाळावा. नटाच्या बाहेर दोन-तीन आटे दिसले पाहिजेत. बोल्टचे डोके खाली लोंबकळत राहिले तर दगडाने घासून पाना बसेनासा होतो. म्हणून गार्डला तिथे वाटीसारखा खोलगट आकार द्यावा किंवा बाजूला पट्टी मारावी.

शेवटी चेंबर आणि गार्ड यांत बोटभर तरी, म्हणजे २० ते २५ मिलिमीटर, मोकळी जागा आहे ना ते पाहावे. दगडावर टेकल्यावर गार्ड थोडा आत वाकणारच. अंतर ठेवले नाही तर तो चेंबरवरच आपटेल आणि सगळा खर्च फुकट जाईल. सायलेन्सर आणि त्याच्या डब्यापासूनही गार्ड मोकळा हवा.

गाडी खाली उतरवून सुरू करावी, खाली कान द्यावा. खडखड आली तर काहीतरी टेकते आहे. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. मग वस्तीभोवती हळू एक फेरी मारून बोल्ट पुन्हा तपासावेत.

पाचट आणि आग

आता उसाच्या धंद्यात विशेष सांभाळायची गोष्ट. पाचट जाळू नका, सरीत ठेवा, हे आम्ही शेतकी खात्याचे लोक वारंवार सांगतो. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघते आणि ते जमिनीला सोन्यासारखे आहे. पुष्कळ सभासदांनी ते ऐकले. पण त्यामुळे खोडव्याच्या फडात गाडी गेली, की ती वाळलेल्या पाचटावरून जाते. गार्ड नसेल तर पाचट खालून घासून निघून जाते. गार्ड असेल तर त्याच्या खाचांतून ते आत शिरते आणि गार्डवर साठून बसते. वर इंजिन, शेजारी सायलेन्सर, त्यात ऑइलचा एखादा थेंब. आगीची सगळी तयारी आपणच करून ठेवलेली असते. चेंबर वाचवायला जावे आणि गाडी जाळून बसावे, म्हणजे आगीतून फुफाट्यात.

एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांना हा इशारा अधिक लागू आहे. या गाड्यांच्या सायलेन्सरच्या मार्गात काजळी अडविणारा फिल्टर असतो. तो भरला की गाडी आपोआप ती काजळी जाळून टाकते. त्या वेळी आतल्या वायूचे तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. वाळलेले पाचट पेटायला त्याच्या निम्मेही पुरते. हा फिल्टर काही गाड्यांत इंजिनाला लागूनच असतो. म्हणून :

१. गार्डची मागची कडा सायलेन्सरच्या फिल्टरखाली नेऊ नये. चेंबर झाकले की गार्ड संपला पाहिजे.

२. खाचे फार बारीक नकोत आणि फार रुंदही नकोत. वरून पाण्याचा झोत मारला की कचरा खाली पडला पाहिजे.

३. तोडीच्या फडातून बाहेर आल्यावर, डांबरी रस्ता धरण्याआधी, खाली वाकून गार्डवर अडकलेले पाचट आकडीने काढावे. सायलेन्सर तापलेला असतो, हात घालू नये.

४. पाचटाच्या ढिगावर किंवा वाळल्या गवतावर चालू गाडी उभी करू नये. डॅशबोर्डवर फिल्टर जळत असल्याची खूण दिसली तर मोकळ्या जमिनीवरच थांबावे.

५. गाडीत पावडरचे आग विझविण्याचे नळकांडे ठेवावे, आणि ते सीटखाली दडवून न ठेवता हाताशी ठेवावे.

एका गाडीची आग उभ्या उसात शिरली, तर ती बांध विचारत नाही. शेजाऱ्याचा ऊसही जातो आणि वर्षानुवर्षांचा शेजारही.

देखभाल

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळे बोल्ट एकदा तपासावेत. नंतर प्रत्येक सर्व्हिसिंगला, आणि हंगामात महिन्यातून एकदा. गार्ड बसविल्यावर ऑइलची गळती जमिनीवर दिसत नाही, ती गार्डवर साठते. म्हणून आता डिपस्टिक आठवड्याला पाहण्याची सवय लावून घ्यावी. पावसाळ्यात गार्डवर साठलेला चिखल धुऊन काढावा, नाही तर ओल धरून गंज चढतो. ओरखडे पडतील तिथे दिवाळीआधी एकदा रेड ऑक्साइडचा हात द्यावा. गार्डला मोठा पोचा आला तर तो काढून सरळ करून पुन्हा लावावा. तसाच ठेवला तर मधले बोटभर अंतर गेलेले असते.

कायद्याचे व वॉरंटीचे

गाडीच्या पुढे, बंपरवर लावायचे लोखंडी नळ्यांचे जंगले वेगळे आणि पोटाखालचा गार्ड वेगळा. पुढचे जंगले लावणाऱ्यांवर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली कारवाई करावी, असे केंद्र शासनाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळविले आहे. त्यामुळे “गार्ड लावतोच आहे तर पुढेही जंगला मारू,” या मोहात पडू नये. खालचा गार्डही बंपरच्या पुढे डोकावता कामा नये. गाडी वॉरंटीत असेल तर गार्ड लावण्याआधी आपल्या डीलरकडे विचारून घ्यावे, आणि जमल्यास लेखी घ्यावे.

रस्ता तो रस्ताच

एवढे करूनही गार्ड म्हणजे वाईट रस्त्याचा इलाज नव्हे. चाकोरी खोल दिसली तर चाके चाकोरीत न घालता एक चाक मधल्या वरंब्यावर आणि दुसरे कडेला घ्यावे, म्हणजे पोट उंच राहते. मात्र कडेची जमीन ओली नाही, हे आधी उतरून पाहावे. चारीचा उंचवटा तिरपा घेऊ नये, सावकाश आणि सरळ घ्यावा. ऊस वाहतूक संपल्यावर, वरंबा वाळण्याआधीच, ट्रॅक्टरला फळी लावून एकदा रस्ता सारखा केला, तर चार शेतकऱ्यांच्या गाड्या वर्षभर वाचतात. पाणंद रस्त्यांसाठी राज्य शासनाने २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली होती. सध्या कोणत्या योजनेतून काम घेता येईल, याची चौकशी ग्रामपंचायतीत सर्वांनी मिळून करावी. एकट्याच्या अर्जापेक्षा चाकोरीवरच्या सगळ्या खातेदारांचा एक अर्ज जास्त वजनाचा असतो.

थोडक्यात, गार्ड बेताच्या जाडीचा घ्या, चेसिसला बांधा, चेंबरपासून बोटभर लांब ठेवा, गाडी घोड्यांवर बसल्याशिवाय खाली शिरू नका, आणि फडातून निघताना पाचट काढल्याशिवाय गाडी दामटू नका. या पाच गोष्टी पाळल्या तर गार्ड उपयोगी. त्यातली एक जरी सोडली तर तो नसलेला बरा.

ज्यांना पुठ्ठ्याचे माप कसे घ्यावे हे प्रत्यक्ष पाहायचे असेल, त्यांनी आपल्या गट कार्यालयात शेतकी मदतनिसाकडे नाव द्यावे. एका गटातले चार-पाच सभासद जमले तर कारखान्याच्या गॅरेजमधील फिटरला विनंती करून एका गाडीवर सर्वांना दाखविता येईल. येताना गाडी धुऊन आणावी.

— ऊस विकास अधिकारी